आठ ते पंधरा

नानांच्या शेजारच्या सीटवर बसायचं तर मान धड लागते. पट्टा लावून झाला की ते विचारतात, "स्पॉन्डिलायटिस वगैरे काही नाही ना?" हा प्रश्न काळजीपोटी नसतो. कुठलंही उपकरण वापरण्यापूर्वी तपासून घ्यायची त्यांची सवय आहे. मग दुसऱ्या गिअरमध्ये गाडी ताशी 12 किलोमीटरवर आणायची, पाय रेसवरून पूर्ण काढायचा, दोन क्षण थांबायचं आणि पुन्हा हळूच टेकवायचा. एवढं करून नाना रस्त्याकडे न बघता माझ्या मानेकडे बघतात.

"हलली?"

"जराशी."

"आधी पुढे की आधी मागे?"

"मागे. मग पुढे."

"किती वेळा?"

एव्हाना मागचा रिक्षावाला हॉर्नवरचा हात काढायचं विसरलेला असतो.

नाना आमच्या कोथरूडच्या सोसायटीतले. नोकरी सगळी भोसरीच्या एका कारखान्यात झाली, तीही इन्स्पेक्शनला. म्हणजे दुसऱ्यांनी बनवायचं आणि नानांनी नापास करायचं. हातात गो-नो गो गेज. त्याचं एक टोक भोकात गेलं पाहिजे, दुसरं जाता कामा नये. मधलं, चालवून घेण्याजोगं, असं त्या हत्यारात काही नसतं. निवृत्तीच्या समारंभात शाल, श्रीफळ आणि भिंतीवरचं घड्याळ मिळालं. घड्याळ मागे पडतं म्हणून नानांनी ते लेखी कारणासह परत पाठवलं, असं सोसायटीत बोललं जातं. असा माणूस घरी बसला आणि त्याच सुमारास त्याने नवी हॅचबॅक घेतली. कुठल्या कंपनीची ते मी सांगत नाही. नाना सांगतीलच, तुम्ही फक्त लिफ्टमध्ये एकटे सापडायला हवं.

तक्रार म्हटली तर बारीक. गाडी शंभरला सरळ पळते, घाट चढते, मायलेज देते. पण ताशी 8 ते 15 या टप्प्यात, दुसऱ्या गिअरमध्ये, रेस सोडून पुन्हा दिली की ती आधी काहीच करत नाही आणि मग एकदम करते. बाकीच्या जगाच्या हे लक्षातही येत नाही. लोक 'पिकअप नाही' म्हणतात, फार तर 'मिसिंग मारते' म्हणतात आणि चावी मिस्त्रीच्या हातात देऊन मोकळे होतात. नानांना तो अडाणीपणा वाटतो. त्यांच्या वहीत उचकी वेगळी, आचका वेगळा आणि ठेच वेगळी. चालत्या गाडीत एसीचा कॉम्प्रेसर पकडतो आणि इंजिनावर अचानक ओझं पडतं, ती उचकी. पाय काढल्यावर बंद झालेलं पेट्रोल पुन्हा सुरू होतं, तो आचका. आणि इंजिनापासून चाकापर्यंतच्या दातांत, सांध्यांत, रबरांत जी थोडी मोकळीक असते, ती पाय टेकवताच या बाजूची त्या बाजूला जाऊन आदळते, ती ठेच. ठेच लागली की सगळी गाडी सेकंदाला दोन-चार वेळा पुढेमागे डोलते. हे डोलणं काट्यावर दिसत नाही, शेजारच्याच्या मानेत दिसतं.

वहीतली एक नोंद मला वाचायला मिळाली आहे. 'मंगळवार, सकाळी 9.40. कर्वे पुतळा ते नळ स्टॉप. एसी बंद. शेजारी ही, मांडीवर भाजीची पिशवी, अंदाजे 4 किलो. ठेच सौम्य. पिशवीमुळे? पिशवीशिवाय पुन्हा बघणे.' बुधवारी माई भाजीला रिक्षाने गेल्या.

एप्रिल-मे महिन्यांत तर नानांच्या गाडीतून कुणीच जात नाही. उचकी आणि आचका एकमेकांत मिसळू नयेत म्हणून एसी बंद, आणि इंजिनाचा आवाज वाऱ्यात हरवू नये म्हणून काचा वर.

आता, या माणसाला चक्रम ठरवून मोकळं होता आलं असतं. अडचण एवढीच की त्याचं म्हणणं खरं आहे. इंजेक्शनच्या गाडीत तुम्ही गिअरमध्ये असताना पाय काढलात की कॉम्प्युटर पेट्रोल पूर्ण तोडतो. चाकंच इंजिनाला फिरवत राहतात, फुकटात. फेरे कमी होत मिनिटाला हजार-बाराशेच्या आसपास आले की इंजिन बंद पडू नये म्हणून पेट्रोल पुन्हा सोडलं जातं. लहान गाडीच्या दुसऱ्या गिअरमध्ये ही सीमारेषा पंधराच्या आगेमागे येते. आणि कोथरूडचा माणूस पंधराच्या आगेमागेच तर राहतो. शंभरला तो एक्स्प्रेसवेवर जातो, मुंबईच्या विमानतळावर कुणाला सोडायचं असेल तेव्हा. तरी गाडीच्या जाहिरातीत आणि परीक्षणात कौतुक कशाचं, तर शून्य ते शंभर किती सेकंदांत. कर्वे रस्त्यावर शून्य ते शंभर जायचं तर आधी शून्य ते पंधरा जावं लागतं, आणि तेवढ्यात सिग्नल लागतो.

गतिरोधकांचंही तेच. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकात गतिरोधक 3.7 मीटर रुंद, 10 सेंटीमीटर उंच, साधारण 25 च्या वेगाने ओलांडता येईल असा सांगितला आहे. आमच्या गल्लीतला गतिरोधक कुणाच्या तरी बांधकामातून उरलेल्या काँक्रीटचा आहे. तो पहिल्या गिअरला फार बुटका आणि दुसऱ्याला फार उंच. नाना त्याला आदराने 'टेस्ट ट्रॅक' म्हणतात.

खरा टेस्ट ट्रॅकवाला परिसरही त्यांच्या पायाखालचा. रोज सकाळी ते वेताळ टेकडीवर जातात आणि तिथेच एआरएआय आहे. संस्था 1966 सालची. देशात 'एआरएआयचं मायलेज' हा शब्द ज्याला माहीत नाही असा गाडीवाला नसेल. त्या कुंपणाशी नानांचा वेग कमी होतो. "धूर मोजतात, मायलेज मोजतात," ते म्हणतात. "मान कोण मोजणार?"

वाहन उद्योगातल्या त्यांच्या भाच्याने एकदा जेवताना सांगितलं की मोजतात. गाड्या बनवणाऱ्या कंपन्या सीटच्या रुळावर सेन्सर लावून अगदी हाच झटका मोजतात, आणि वर अनुभवी चालक नुसता पाय टेकवून दहापैकी गुण देतात. नानांचा घास हातात राहिला. पगार घेऊन? हो, पगार घेऊन. त्यानंतर बरेच दिवस ते गप्पगप्प होते. अशी नोकरी जगात होती आणि आपण भोसरीत भोकं मोजत बसलो!

नानांची पहिली गाडी प्रीमियर पद्मिनी होती, कुर्ल्याच्या कारखान्यातली. 1089 सीसी, गिअरची दांडी स्टिअरिंगला, आणि थंडीच्या सकाळी चोक ओढल्याशिवाय बाईसाहेब बोलायच्या नाहीत. खंडाळ्याच्या घाटात नळीतल्या पेट्रोलची वाफ झाली की बॉनेट उघडायचं, फ्युएल पंपावर ओलं फडकं टाकायचं आणि डबा उघडून बसायचं. ती गाडी आजच्या गाडीच्या दसपट झटके द्यायची हे नानांना मान्य आहे. "पण ते आपले होते," ते म्हणतात. पेचकस घ्यायचा, मिक्स्चरचा स्क्रू पाव आटा फिरवायचा, कान लावायचा. कार्बोरेटरमध्ये पाय दाबताच पेट्रोलची बारीक पिचकारी मारणारा एक छोटा पंप असतो. त्याचा पडदा कडक झाला की रेस देताक्षणी गाडी मान टाकते. नानांनी तो पडदा जेवणाच्या टेबलावर बदलला आहे, आणि त्या रात्रीच्या वरणाला पेट्रोलचा वास होता हे माईंनी लक्षात ठेवलं आहे.

आताच्या गाडीत पायाखाली केबलच नाही. पॅडलला दोन सेन्सर, एकाचं खोटं दुसऱ्याने पकडावं म्हणून. ते कॉम्प्युटरला सांगतात की साहेबांनी पाय इतका दाबला. कॉम्प्युटर तापमान बघतो, गिअर बघतो, धुराचं गणित बघतो आणि मग मोटरकडून थ्रॉटलची झडप उघडवून घेतो, त्याला योग्य वाटेल तेवढी.

"मी रेस देतच नाही," नाना म्हणतात. "मी रेससाठी अर्ज करतो. मंजूर होतो, नाही असं नाही. पण कार्यालयीन वेळेत."

1 एप्रिल 2020 पासून बीएस-6 लागू झालं, तेव्हा या अर्जाच्या वाटेत आणखी दोन टेबलं वाढली असं त्यांचं मत आहे.

सर्व्हिस सेंटरच्या फाटकात नाना दिसले की आतली मुलं चहाला जातात. जो हळू चालतो तो सापडतो.

"सर, स्कॅनर लावला. एकही कोड येत नाहीये."

"कसा येईल? तुमच्या स्कॅनरला मान आहे का?"

"सर, या मॉडेलच्या सगळ्याच गाड्या असं करतात."

"मी एकीबद्दल बोलत होतो. तुम्ही तर सगळ्याच नापास केल्यात."

एका खेपेला त्यांनी थ्रॉटल बॉडी साफ करून दिली. काम चुकीचं नव्हतं. इंजिनातून परत येणाऱ्या तेलकट वाफा झडपेच्या कडेला बसून काळा थर धरतात, हवा कमी पडते, आणि कॉम्प्युटर त्या घाणीची सवय करून घेऊन झडप जरा जास्त उघडी ठेवायला लागतो. घाण गेली तरी सवय जायला वेळ लागतो. त्यामुळे नवी कोरी झाल्यासारखी गाडी 1500 फेऱ्यांवर हुंकारत, पाय न लावता, आपापली कोथरूडकडे निघाली आणि नाना वाटभर ब्रेक दाबून तिला आवरत आले. दोनेक दिवसांत फेरे जागेवर आले. वहीत नोंद पडली: 'आचका कमी. ठेच कायम. उचकी आता स्वच्छ ऐकू येते.'

मग ती चाचणी झाली, जिचा विषय नानांसमोर काढायचा नाही. सर्व्हिस मॅनेजर स्वतः गाडीत बसायला तयार झाला. इतक्या खटपटीनंतर मोठा माणूस मिळालेला, आणि नेमका नानांचा पाय टेकडीवर मुरगळलेला. गाडी माईंनी चालवली. नाना मागच्या सीटवर, वही उघडून. मॅनेजर पुढे.

बारावर आणली. पाय काढला, पाय टेकवला. काही नाही. दहावर. काही नाही. आठवर आणून माईंनी तीच गाडी पुन्हा उचलली आणि मॅनेजरची मान पाटावर बसवलेल्या गणपतीसारखी जागच्या जागी.

"मॅडम, गाडी तर मस्त आहे."

"ती क्लच दाबतेय!" नाना मागून ओरडले.

दाबत होत्याच. मी नंतर मुद्दाम त्यांच्या शेजारी बसून बघितलं. रेसवर पाय टेकायच्या आधी डावा पाय बोटभर खाली जातो. क्लच किंचित घसरतो, मधली मोकळीक सावकाश भरून निघते आणि मग तो पाय वर येतो. डोळे या सगळ्या वेळात समोरच्या स्कूटरवर, तोंडात मोरावळ्याचा तुकडा, आणि विषय कुणाच्या तरी साखरपुड्याचा. ड्रायव्हिंग स्कूलमध्ये हे शिकवत नाहीत. माईंना आपण काही करतो आहोत हेच माहीत नव्हतं.

"तू दोष झाकतेस," घरी आल्यावर नाना म्हणाले.

"सवय आहे," माई म्हणाल्या आणि कुकर लावायला गेल्या.

अर्ध्या क्लचवर गाडी खेळवली की प्लेट लवकर झिजते, हे खरंच आहे. नानांनी त्याचा हिशेब मांडायला घेतला होता. नव्या क्लचचा खर्च त्यांच्या आजवरच्या सर्व्हिसच्या बिलांपेक्षा कमी निघाला असावा, कारण वहीतलं ते पान आता सापडत नाही.

असल्या माणसाला सल्ले फार मिळतात. महागातलं पेट्रोल टाका. इंजेक्टर क्लीनरची बाटली ओता. पेट्रोलमध्ये इथेनॉलचं प्रमाण 20 टक्क्यांवर गेलं तेव्हा पहिल्या मजल्यावरच्यांनी सगळा दोष त्यालाच दिला. इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा ऊर्जा कमी असते, मायलेज थोडं उतरतं, एवढं नाना मान्य करतात. पण त्यांच्या वहीत ठेच त्याच्या कितीतरी आधीपासून आहे. "नाही तर काय," ते म्हणाले, "आता एका झटक्यासाठी अख्ख्या सहकार क्षेत्राला बोल लावू?"

भाच्याने एक चिमुकली डबी आणून पॅडलच्या वायरला जोडून दिली. रिस्पॉन्स वाढवते म्हणून ती विकली जाते. करते इतकंच की तुम्ही पाय 30 टक्के दाबला तर कॉम्प्युटरला 50 सांगते. इंजिन तेच, ताकद तीच. फक्त पायाची थाप. आठवर असताना नानांनी नेहमीसारखा पाय टेकवला आणि माझा चष्मा मांडीवर आला. "बघा," नाना म्हणाले, "खोटं बोललं की काम लवकर होतं, पण मान जाते." डबी परत गेली.

शेवटी मूळ सापडलं ते एरंडवण्याच्या एका बोळात. मिस्त्रीने नानांचं सगळं ऐकून घेतलं. मधे एकदाही 'नॉर्मल आहे' म्हणाला नाही, हे विशेष. मग बॉनेट उघडून म्हणाला, "काका, हँडब्रेक ओढा. ब्रेक घट्ट. पहिल्यात टाका आणि क्लच नुसता चावेल एवढा सोडा." क्लच चावला आणि सगळं इंजिन आपल्या जागेवरून उठायला निघाल्यासारखं मागे कलंडलं. इंजिनाला खालून धरून ठेवणारी माउंटिंग, तिचं रबर आतून फाटलेलं. बाहेरून अखंड दिसत होतं. मिस्त्रीने ती काढून नानांच्या तळहातावर ठेवली आणि अंगठ्याने दाबून दाखवली. भेग उघडली, मिटली. नानांनी पण दाबली. पुन्हा दाबली. खिशातून रुमाल काढून त्यांनी ती त्यात गुंडाळली. ती अजून त्यांच्या टीव्हीच्या शोकेसमध्ये आहे, पाहुण्यांना दाबायला देतात.

नवी माउंटिंग पडली आणि ठेच निम्म्यावर आली. दुसऱ्या दिवशी नाना मिस्त्रीला पेढे घेऊन गेले आणि पेढ्यांच्या पुड्याबरोबर उरलेल्या निम्म्याची यादी.

मिस्त्रीने पेढा तोंडात टाकला, यादी वाचली आणि परत दिली. "काका, हे निम्मं कंपनीचं आहे. राहू द्या."

राहू दिलं असतं तर ते नाना कसले! मागच्या दिवाळीत ते माईंना आणि मला घेऊन विजेवरची गाडी बघायला गेले. विक्रेता पोरगा उत्साही. शून्य ते शंभर, चार्जिंगला किती वेळ, वरचं काचेचं छप्पर, सगळं एका दमात म्हणून गेला. नाना शांतपणे म्हणाले, "आठ ते पंधरा सांग." पोरगा टॅबलेटवर शोधत राहिला.

विजेच्या मोटरचं बरं असतं. तिचा सगळा जोर उभ्या जागेपासून हजर असतो, फेरे चढायची वाट बघावी लागत नाही. उलट, माणूस मागे फेकला जाऊ नये म्हणून कंपन्याच पॅडल मुद्दाम मवाळ करून ठेवतात. पण नाना तयारीने आले होते. पाय काढला की तीच मोटर उलटून बॅटरीत वीज भरायला लागते आणि गाडीला मागे ओढते. म्हणजे जोराची दिशा बदलली. म्हणजे गिअरच्या दातांतली मोकळीक या बाजूची त्या बाजूला गेली. म्हणजे ठेच असलीच पाहिजे. फक्त सॉफ्टवेअरने ती झाकलेली आहे, आणि झाकणं काढणं हे नानांचं काम. ओढ सगळ्यात जोरात असते तो मोड त्यांनी लावायला सांगितला.

चालवायला मात्र माईंना बसवलं. त्यात डाव होता.

"इथे क्लच नाही," शोरूमच्या फाटकातून बाहेर पडताना नाना म्हणाले. "आता कशाने झाकतेस बघू."

बारावर आणली. माईंनी पाय काढला, टेकवला. नानांनी माझ्याकडे बघितलं, मी नकारार्थी मान हलवली, आणि ते म्हणाले, "अशी नाही, आपोआप हलली का?" आपोआप हलली नव्हती. दहावर नाही. आठवर नाही. पुढे एक कुत्रं आडवं आलं, गाडी जवळजवळ थांबली आणि पुन्हा निघाली, कुत्र्याच्याही लक्षात आलं नाही. नाना पुढे वाकून माईंच्या पायांकडे बघत होते. डावा पाय चपलेतून काढून आरामात बाजूला ठेवलेला. उजवा पॅडलवर, आणि तो मुळी उचललाच जात नव्हता. नुसता घोट्यातून इतका हळू वळत होता की पाय काढला कधी आणि दिला कधी ते सांगता येत नव्हतं.

"अगं, पाय पूर्ण काढ!"

"कशाला?" माई म्हणाल्या. "चाललीय की."

परत आल्यावर पोरग्याने लगेच टॅबलेट पुढे केला. रंग कुठला? माई म्हणाल्या, पांढरा. आणि पर्समधून चेकबुक काढलं. नाना अजून मागच्या सीटवरून उतरले नव्हते. ते वहीत एक नवं पान आखत होते.

"थांब," ते म्हणाले. "रिव्हर्समधलं अजून कुठे बघितलंय?"